सोबतीचा हक्क : मुंबईच्या उपनगरांतील ज्येष्ठ स्त्रिया आणि त्यांचे आरोग्य

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल धावू लागली. पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत गेली. त्या गाडीत जागा पकडणाऱ्या, पस्तिशी-चाळिशीतल्या बँकेतल्या, मंत्रालयातल्या, शाळांतल्या, टेलिफोन खात्यातल्या बायका आज सत्तरीत आहेत. त्या डब्यात मेथी निवडली गेली, भिशीचे नंबर निघाले, डोहाळजेवणे झाली, नवरात्रातल्या रंगांच्या साड्या ठरल्या, दसऱ्याला डब्याला तोरण लागले. घरात बोलता न येणारे कितीतरी तिथे बोलले गेले. सासूचे दुखणे, मुलाची दहावी, साहेबाचा जाच, छातीत लागलेली गाठ डॉक्टरांना कधी दाखवायची हा प्रश्न, सगळे त्या तासाभराच्या प्रवासात निघायचे. मध्य रेल्वेवर मुलुंड आणि घाटकोपरच्या बायकांचेही महिला डब्यात हेच चालले होते.

निवृत्तीच्या दिवशी या बायकांना भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मिळाला, शाल-श्रीफळ मिळाले. पण रेल्वेचा पास संपला आणि त्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांचा रोजचा गोतावळाही संपला, याची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही. नोकरी न केलेल्या बाईचेही असेच होते. तिचा गोतावळा चाळीच्या गॅलरीत, नळावर, शाळेच्या फाटकाशी, भाजीवाल्याच्या गाडीशी असतो. मुले मोठी झाली, इमारत पाडली गेली, गुडघे दुखू लागले की तोही कुणाच्या लक्षात न येता सुटत जातो.

या लेखात एवढेच सांगायचे आहे की उतारवयातल्या स्त्रीची सोबत ही तिच्या आरोग्याची गरज आहे. रक्तदाबाच्या गोळीइतक्याच गांभीर्याने या गरजेचा विचार व्हायला हवा. त्यासाठी बाईला स्वतःचा वेळ आणि स्वतःची जागा मिळायला हवी.

संशोधन काय सांगते

हा विषय भावनेचा आहे असे मानून बाजूला ठेवण्याची सवय वैद्यकशास्त्राने सोडली, त्याला आता बरीच वर्षे झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी ६,९२८ प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेतला आणि १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचे माणसांशी संबंध सर्वांत तुटपुंजे होते, अशा पुरुषांचा मृत्युदर सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या २.३ पट, तर स्त्रियांचा २.८ पट आढळला. धूम्रपान, मद्यपान, आधीचे आजार यांचा हिशेब केल्यावरही फरक उरलाच. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. भक्कम नातेसंबंध असलेल्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक निघाली.

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाचा अहवाल आला. जगात दर सहा माणसांत एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याआधीच्याच महिन्यात जागतिक आरोग्य सभेने या विषयावरचा आपला पहिला ठराव केला होता.

शरीरात नेमके काय घडते? सतत एकटे वाटत राहिले की शरीर धोक्याच्या पवित्र्यात राहते. ताणाची संप्रेरके चढी राहतात, झोप तुटते, रक्तदाब वाढतो, अंतर्गत दाह वाढतो. याला रोजच्या वागण्याची जोड मिळते. एकटीसाठी काय रांधायचे म्हणून चहा-बिस्किटावर भागवले जाते, चालणे बंद होते, गोळी चुकली तरी आठवण करणारे कुणी नसते. चालणे थांबले की स्नायू आणि हाडे कमजोर होतात, पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने बाई आणखी घरात बसते. उलट दिशेनेही हेच घडते. ऐकू कमी आले, मोतीबिंदू वाढला, लघवी रोखता येईना झाली, की ती आपण होऊन माणसांतून मागे सरते. एकाकीपणामुळे आजार आणि आजारामुळे एकाकीपणा, असे हे दोन्ही बाजूंनी चालते. म्हणून कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हेही सोबतीचेच उपाय आहेत. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, नैराश्य आणि सामाजिक एकाकीपणा हे चारही आहेत.

आपल्या देशाची या विषयावरची सर्वांत मोठी पाहणी मुंबईच्या उपनगरातूनच चालते. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून काम करते आहे. तिने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्याच्याच जोडअभ्यासातून साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज निघाला आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने याच संस्थेसोबत २०२३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत दर पाच भारतीयांतला एक साठीपलीकडचा असेल.

घर भरलेले, तरी

‘आमच्या आईला कसला एकाकीपणा? घरात पाच माणसे आहेत,’ असे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही घरात ऐकायला मिळते. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सकाळी आठ वाजता ती पाच माणसे पाच दिशांना जातात आणि रात्री नऊला परततात ती मोबाइलसकट. मधल्या तेरा तासांत आजीकडे कामवालीला दार उघडणे, पार्सल घेणे, कुकर लावणे, नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घेणे, त्याला भरवणे आणि क्लासला सोडणे ही कामे असतात. तिचे दिवसभराचे बोलणे सूचनांचे असते. तिला काय वाटते, हे विचारणारे बोलणे त्यात नसते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची २८९ मिनिटे त्या कामात जातात, पुरुषाची ८८ मिनिटे. पुरुष निवृत्त झाला की त्याची नोकरी संपते आणि त्याला कट्ट्यावर बसायला सकाळ-संध्याकाळ मोकळी मिळते. बाईला स्वयंपाकघरातून निवृत्ती नाही. सून नोकरीला जाते, ते योग्यच आहे. पण त्या नोकरीचा आधार पुष्कळदा साठी-सत्तरीतल्या सासूचे किंवा आईचे पाय असतात. नातवंडांची माया खरी असते, तिने आयुष्य वाढते असेही म्हणावेसे वाटते. परंतु आठवड्यातले सहा दिवस आणि दिवसाचे दहा तास त्यांची देखभाल सक्तीची झाली, तर आजीचे मंडळ, तिची योगासने, तिच्या बहिणीकडची फेरी सगळे मागे पडते. संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास आजीचे, त्यांत तिला कुणी काम सांगायचे नाही, एवढा नियम घरोघरी झाला, तरी आरोग्याच्या दृष्टीने मोठे काम होईल.

कुंकवापलीकडचा गोतावळा

आपल्याकडे बायकांनी एकत्र येण्याच्या परंपरा भरपूर आहेत. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, मंगळागौर, भोंडला, संक्रांतीचे वाण. यांत खेळ आहे, गाणे आहे, खाणे आहे आणि सबंध पुरुषमंडळींना बाहेर ठेवणारी हक्काची दुपार आहे. मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या पन्नाशी-साठीपुढच्या बायकांचे गट आज उपनगरांत ठिकठिकाणी आहेत. फुगड्या, झिम्मा, सुपाचे आणि लाटण्याचे प्रकार यांनी शरीराचा तोल, दम आणि स्मरणशक्ती या तिन्हींना एकदम व्यायाम होतो.

पण यांतल्या बहुतेक परंपरांच्या दारावर एक अट लिहिलेली आहे. बाई सवाष्ण हवी. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांपैकी ८२ टक्के विवाहित होते, तर स्त्रियांपैकी ४८ टक्के विधवा होत्या. नवरा वयाने मोठा असतो आणि बाई सहसा अधिक जगते, याचा हा सरळ परिणाम आहे. म्हणजे ज्या वयात सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच वयात जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे एकत्र येण्याचे जुने मार्ग बंद होतात. नवऱ्याच्या तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. नंतरच्या संक्रांतीला शेजारीण बोलवायला कचरते आणि ही जायला कचरते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. अंधेरी-घाटकोपरच्या गृहनिर्माण संस्थांना असा ठराव करायला कुणी अडवलेले नाही. अनेक इमारतींत आता सर्व बायकांचे तिळगूळ होते, कुंकवाऐवजी फूल दिले जाते, वाण सगळ्यांना मिळते. जिथे अजून असे होत नाही, तिथे येत्या संक्रांतीपासून ते सुरू करावे. धर्म बुडण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच आईचा त्या दिवशीचा चेहरा पाहावा.

चार उपनगरांतले कट्टे

मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ९३ लाखांहून अधिक होती. एवढ्या गर्दीत बायकांनी आपापल्या जागा शोधल्या आहेत. बोरिवलीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरायला येणाऱ्यांत साडी आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या बायकांचे गट असतात. वझिऱ्याच्या गणपतीच्या देवळात संकष्टीला भेटायचे, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एकत्र नाटक पाहायचे, असे मैत्रिणींचे वेळापत्रक ठरलेले असते. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थेने वाचणाऱ्या, व्याख्याने ऐकणाऱ्या स्त्रियांना आधार दिला. अंधेरीशेजारच्या पार्ल्यात १९२३ साली स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ शंभरी ओलांडून उभा आहे. अंधेरीत सात बंगल्याच्या नाना-नानी पार्कात बाकावर मराठी, गुजराती, पंजाबी, सिंधी अशा भाषा शेजारी-शेजारी बसतात. घाटकोपरला गुजराती बायकांचे भजन-सत्संग, जैन स्त्रियांचे स्वाध्याय आणि मराठी बायकांचा हरिपाठ एकाच गल्लीत चालतात.

जिथे पैसा कमी, तिथले चित्र वेगळे आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली म्हातारी मासळी घेऊन बसते, कारण घर चालवायचे असते. पण त्या बाजारामुळे तिला रोज शंभर माणसे भेटतात, भांडणे होतात, हसणे होते. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. तिथे सकाळी पीठ न्यायचे आणि आदल्या दिवशीचे लाटलेले पापड द्यायचे, या पद्धतीमुळे कमाईबरोबर रोजची भेटही पक्की झाली. असल्फा किंवा भटवाडीच्या टेकडीवरच्या वस्तीत दारे उघडी असतात आणि शेजारीण सहज डोकावते. तिथे सोबत मिळते, पण पाणी चढवणे, पायऱ्या, साठीनंतरही सुटत नसलेली धुणीभांडी यांनी शरीर झिजते. भेटीगाठी आहेत म्हणून तिथल्या बाईला निवृत्तिवेतन आणि दवाखाना नको, असा अर्थ कुणी काढू नये. श्रावणबाळ योजनेतून तिला मिळणाऱ्या महिना १,५०० रुपयांत महिन्याचा किराणाही नीट भरत नाही.

या उपनगरांचे सार्वजनिक जीवन बायकांनीच उभे केले, हेही विसरता येत नाही. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. अहिल्या रांगणेकर आणि गोरेगावच्या मृणाल गोरे यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणालताईंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते नळाच्या पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे. त्या मोर्च्यांत तिशीत असलेली बाई आज ऐंशी पार आहे. जिने महापालिकेला पाणी द्यायला लावले, तिला आज इमारतीखाली बसायला बाक मागावा लागतो, हे आपल्याला शोभत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा फेस्कॉम हा राज्यव्यापी महासंघ यांनी पुष्कळ काम केले आहे. वाढदिवस, सहली, आरोग्य तपासण्या, व्याख्याने तिथे होतात. तरीही अनेक संघांत व्यासपीठावर पुरुष आणि समोरच्या खुर्च्यांत बायका, हे दृश्य बदललेले नाही. बैठकीची वेळ सकाळी दहाची असते, तेव्हा बाई स्वयंपाकघरात असते. वेळ दुपारी चारची केली आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, तर संघांचे रूपच पालटेल.

जागा, जिना आणि शौचालय

सोबत टिकायला भेटण्याची जागा लागते. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप आणि गोराई येथे छोटे भूखंड देण्याची योजना झाली. तिथे साधारण ३५ घरांची एक सोसायटी आणि मध्ये सामायिक चौक अशी रचना केली गेली. दारात बसून पोरांवर नजर ठेवता येते, वाळवण घालता येते, संध्याकाळी खुर्ची टाकता येते. म्हाताऱ्या बाईला बाहेर जावे लागत नाही, दार उघडले की ती माणसांत असते.

आता पंतनगर असो, डी. एन. नगर असो की मुलुंड पूर्व, सगळीकडे पुनर्विकास चालू आहे. चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती, गळती होती, त्यामुळे नवे घर हवे हे खरे. पण बांधकामाच्या तीन-चार वर्षांत शेजारी भाड्याच्या घरांसाठी मीरा रोड, ठाणे, डोंबिवलीला पांगतात. पंचाहत्तरीच्या बाईसाठी तीन वर्षे हा मोठा काळ आहे. काही मैत्रिणी परत येतच नाहीत. परत आल्यावर बाविसाव्या मजल्यावर बंद दार, सुरक्षारक्षकाचा इंटरकॉम आणि खाली गाड्यांनी भरलेला पोडियम. करारनाम्यात चटईक्षेत्र, कॉर्पस आणि पार्किंगवर महिनोन्‌महिने खल होतो. त्याच करारात तळमजल्यावर ज्येष्ठांची बसण्याची खोली, शेजारी शौचालय, पाठ टेकता येईल असे बाक आणि भाड्याच्या काळात महिन्यातून एकदा सर्वांची भेट, अशी कलमे घालता येतात. त्याचा खर्च नगण्य आहे.

शौचालयाचा मुद्दा लाजेने मागे राहतो, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. बाळंतपणांमुळे आणि वयामुळे अनेक स्त्रियांना लघवी रोखून धरता येत नाही. जिथे स्वच्छ शौचालय नाही, त्या कार्यक्रमाला त्या जात नाहीत आणि कारण सांगतात गुडघ्याचे. काही जणी बाहेर पडायचे म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम स्त्रियांच्या शौचालयासाठी झगडते आहे. ती तरुण नोकरदार बाईइतकीच आजीचीही मोहीम आहे. लघवीच्या तक्रारीवर व्यायाम आहेत, उपचार आहेत. वयच झाले, असे म्हणून ते सोडून देऊ नये.

प्रवासाचेही तसेच. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतल्या बहिणी-बहिणींना सरकत्या जिन्याने एकमेकींकडे जाता येऊ लागले. दहिसर-अंधेरी मार्गांवरच्या २अ आणि ७ या मेट्रोंत मे २०२३ पासून पासष्टीपुढच्यांना २५ टक्के सवलत मिळाली. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आणि सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पण लांबच्या रेल्वेगाड्यांत ५८ वर्षांवरील स्त्रियांना मिळणारी ५० टक्के सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मैत्रिणींबरोबरची पंढरपूर-अक्कलकोटची फेरी त्या सवलतीवर ठरत असे. ती पुन्हा मिळायला हवी.

जे करून दाखवले गेले

यावर काही करता येते का? गोव्यात करून दाखवले आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या, साठीपुढच्या १८१ जणांसोबत ‘दिल’ नावाचा प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे ज्येष्ठांच्या घरी गेली. अडचणी सोडवायच्या कशा, झोप सुधारायची कशी, मधुमेह सांभाळायचा कसा, सरकारी योजना मिळवायच्या कशा, हे त्यांनी शिकवले. वर्षभरात या गटातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्याने गाठले. ज्यांना नेहमीचीच वैद्यकीय मदत मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण १४.४ टक्के होते. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांनाच समुपदेशनाचे शिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवले. तिथे आजी दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणारी झाली. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन साठीपुढच्या बायका वर्गात बसू लागल्या. या तिन्ही ठिकाणी पैसा थोडा लागला. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि येणाऱ्या बाईला काहीतरी काम किंवा भूमिका, एवढ्यावर ते उभे राहिले.

आपण काय करायचे

कूपर, राजावाडी, भगवती, अगरवाल अशा पालिका रुग्णालयांत आणि ‘आपला दवाखाना’ केंद्रांत ज्येष्ठ स्त्रीची साखर आणि रक्तदाब तपासताना ‘आठवड्यात कुणाशी मनमोकळे बोललात?’ हा एक प्रश्न विचारला जावा आणि उत्तर ‘कुणाशीच नाही’ असेल तर जवळच्या मंडळाचा पत्ता तिच्या हाती द्यावा. पालिकेने प्रत्येक प्रभागात स्त्रियांसाठी राखीव वेळेचे विरंगुळा केंद्र चालवावे. दुपारी रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या खोल्या आणि समाजमंदिरे त्यासाठी पुरतील.

आणि वाचकहो, काही गोष्टींसाठी पालिकेची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या मजल्यावर एकटी राहणारी बाई असेल तर तिच्याशी रोज दोन मिनिटे दारात बोला. आईला स्मार्टफोन दिलात, आता व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे चिडचिड न करता चौथ्यांदा शिकवा. तिच्या जुन्या मैत्रिणीचा नंबर शोधून द्या आणि एकदा तिला तिच्याकडे नेऊन सोडा. तिला ऐकू कमी येत असेल तर कान तपासून घ्या. कुणी संकटात किंवा छळात असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा. या दिवाळीत फराळाचा पहिला डबा अशा एका घरी न्या, बसा, चहा घ्या आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवूनच उठा.